साइडकारमधली राणीसाहेब

गाडीतून उतरल्यावर ताईनं पदर सारखा केला आणि मला विचारलं, "दिना, मी जास्त नटलेय का रे?"

"नाही," मी म्हणालो. आणि लगेच मनात आलं, थोडंसं 'हो' म्हणायला हवं होतं की काय. हिरवी इरकल, गळ्यात लग्नातला तन्मणी, पायात नवे सँडल. गुरुग्रामच्या त्या मैदानाबाहेर सगळे लोक जीन्समध्ये आणि काळ्या कातडी जाकिटांत होते. पण ताई एका समारंभाला आली होती; निदान तिच्या मनात तो समारंभच होता.

"आजी, तू एकदम फर्स्ट क्लास दिसतेयस," मैत्रेयी म्हणाली. "चलो आता, आत जाऊ. ऊन वाढेल."

मैत्रेयी ताईची नात. इथेच एका कंपनीत नोकरी करते, आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना दिल्लीतल्या द्वारकेहून तीच घेऊन आली होती.

समारंभ कसला ते सांगतो. ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, शशिकांत पेंढरकर, यांच्याकडे एक बीएसए मोटारसायकल होती, साइडकार जोडलेली. लष्करानं मोडीत काढलेली. भाऊजींनी ती लिलावात घेतली तेव्हा ते आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते आणि एका मंत्रालयात कारकून होते. भाजी, गॅसचा सिलिंडर, मुलाची शाळा, आमच्या आजारी आईला डॉक्टरकडे नेणं, सगळं त्या साइडकारमधून. भाऊजी गेल्यावर गाडी द्वारकेच्या सोसायटीत जिन्याखाली ताडपत्री पांघरून पडून राहिली. पुढे दिल्लीत जुन्या गाड्या उचलून न्यायला लागले, तशी सोसायटीची नोटीस आली. मग मैत्रेयीनं हा इंद्रजित शोधून काढला. जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करणं हा त्याचा धंदा, आणि वेडही. ताईनं त्याच्याकडून काही घेतलं नाही. एकच अट घातली. गाडी जिथे कुठे लोकांसमोर उभी राहील तिथे पाटीवर यांचं नाव हवं. "शशिकांत पेंढरकर. बस, एवढंच." इंद्रजितनं हात जोडून कबूल केलं होतं. जुने फोटो असतील तर द्या म्हणाला, तेव्हा मीच अल्बममधून चार-पाच काढून त्याला नेऊन दिले होते.

आता दिल्लीच्या जुन्या मोटारसायकलींचं वार्षिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याचा फोन आला होता, "आंटी को ज़रूर लाइए."

ताई आली होती ती नवऱ्याचं नाव बघायला.

मी आयुष्यभर सरकारी ग्रंथालयात काम केलं. आवाज झाला की चष्म्यावरून बघायचं, एवढीच माझी कर्तबगारी. इथे आत पाऊल टाकलं आणि शेजारीच कुणीतरी एक गाडी सुरू केली. मी ताईचा हात धरला. तिला आधार द्यायला धरला असं दाखवलं, पण तिला कळलंच. "अरे, गाडी आहे ती, चावत नाही," ती म्हणाली.

दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून गाड्या उभ्या केल्या होत्या. त्यांचे मालक मऊ फडक्यानं त्यांची चाकं पुसत होते. एक जाडजूड गृहस्थ तर गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखाली कानातली काडी फिरवत होते. गाडीच्या खालची घाण कोण बघणार, असं मला वाटलं. पण मला वाटणाऱ्या गोष्टी तिथे काही उपयोगाच्या नव्हत्या.

"आजी, ती बघ!" मैत्रेयी ओरडली.

आम्ही बघितलं. मला ती ओळखता आली नाही. भाऊजींनी गाडीला सरकारी कपाटाचा करडा रंग दिला होता, कारण तोच मिळाला होता. समोर उभी होती ती डाळिंबी रंगाची, कडेनं सोनेरी रेघ ओढलेली. साइडकारमध्ये मखमलीची गादी. सिलिंडर वाहून वाहून त्या साइडकारचा तळ खचला होता, आणि आता तिथे मखमल.

"ही आपली?" ताईनं हळूच विचारलं.

"असावी."

"असावी काय? दाराची कडी बघ. यांनीच बसवलेली. बाथरूमच्या दाराची आहे." कडीवरही चकचकीत मुलामा चढला होता, पण कडी तीच होती. ताईचा चेहरा उजळला. तिनं दोरीवरून वाकून कडीला बोट लावलं.

तेवढ्यात मागून एक दाढीवाला तरुण मोबाइल सरसावून आला. "आंटी, ज़रा साइड में हो जाएँगी? रानी साहिबा की फोटो लेनी है।"

"सॉरी हं," म्हणून ताई बाजूला झाली.

ती बाजूला झाली आणि मागची मोठी पाटी आम्हाला दिसली. पुरुषभर उंचीची. वरच्या अर्ध्या भागात एक काळापांढरा फोटो, मोठा करून लावलेला. त्यात ही मोटारसायकल. तिच्यावर पगडी, शिरपेच, अंगरखा, कमरेला तलवार अशा थाटात बसलेले शशिकांत पेंढरकर. आणि साइडकारमध्ये नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, ताठ मानेनं बसलेली आमची अहिल्याताई.

खाली इंग्रजीत आणि हिंदीत मजकूर होता. मी तो दोन्ही भाषांत वाचला, कारण एका भाषेत वाचून माझा विश्वास बसला नाही. ग्वाल्हेर दरबारातले, हिंदूराव घराण्याशी नातं सांगणारे एक मराठा सरदार आणि त्यांच्या राणीसाहेब, आपल्या खासगी वाहनावर, दिल्ली. त्याखाली बारीक अक्षरांत, 'नंतर एका खासगी मालकाकडे.'

बस. भाऊजींचं नाव कुठेही नव्हतं.

माझ्याशेजारी ताई उभी होती आणि तिच्यासमोर ती स्वतः, पंचविशीतली, आणि तो मुलगा तिचा फोटो काढत होता. काढून झाल्यावर तो ताईला "थैंक यू आंटी" म्हणाला आणि गेला. त्यानं दोघींकडे बघितलं होतं. त्याला काहीही दिसलं नव्हतं.

"हिंदूराव म्हणजे ते दिल्लीतलं हॉस्पिटल ना?" मैत्रेयीनं विचारलं. "आजी, आपण त्यांचे रिलेटिव्ह आहोत? बाबा कधी बोलले नाहीत!"

"आपण कुणाचे कुणी नाही," मी म्हणालो.

"मग आबा असे राजासारखे का बसलेत?"

मग मीच सांगितलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही दरवर्षी नाटक करायचो. त्या वर्षी पानिपतावरचं होतं, मंडळातल्याच एका सेक्शन ऑफिसरनं लिहिलेलं. भाऊजी सरदार, ताई त्याची पत्नी. हॉलवर कपडे बदलायला एकच खोली होती आणि ती सैनिकांनी भरलेली. म्हणून हे दोघं घरूनच नटून, रंगून, मोटारसायकलवरून निघाले. वाटेत कस्तुरबा गांधी मार्गावर कुणाला तरी बरोबर घ्यायचं होतं, तिथे थांबले असता मंडळाच्या फोटोग्राफरनं हा फोटो काढला. मागे खांबांचा सरकारी बंगला दिसतो तो वाड्यासारखाच दिसतो, हे खरं.

"आणि तू काय होतास, दिनाआजोबा? सैनिक?"

"मी प्रॉम्प्टर."

"म्हणजे?"

"विंगेत बसून हळू आवाजात दुसऱ्यांची वाक्यं सांगणारा."

"अच्छा! टेलिप्रॉम्प्टर," मैत्रेयी म्हणाली, आणि हसू आवरत पुन्हा फोटोकडे बघायला लागली.

इतक्यात इंद्रजित आला. चाळिशीचा, अंगानं आडवा, गळ्यात प्रदर्शनाचं ओळखपत्र. त्यानं वाकून ताईच्या पायांना हात लावला. "आंटी! कैसी लगी? दो साल लगे हैं।"

"सुंदर लग रही है," ताई म्हणाली. "नाव कुठाय?" तिच्या लक्षात आलं की आपण मराठीत बोललो. "नाम किधर है? मेरे मिस्टर का?"

"लगाऊँगा आंटी, पक्का. शो के बाद परमानेंट प्लेट बनवाऊँगा. आज क्या है, आज रॉयल क्लास में एंट्री है. इसमें पहले ओनर की स्टोरी चलती है. अंकलजी तो बाद के ओनर थे न।" आणि तो फोटोकडे अभिमानानं बघत म्हणाला, "ये तो आपके अल्बम में खज़ाना निकला. बाकी सब फोटो तो फॅमिली-फॅमिली थे, ये अकेला हिस्टॉरिकल. मैंने देखते ही पकड़ लिया. मराठा सरदार, दिल्ली, पीछे कोठी. फिर एक लड़के से रिसर्च करवाया।"

"वो रानी," ताई म्हणाली, "मैं हूँ।"

इंद्रजित हसला. मग त्यानं ताईकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, पुन्हा ताईच्या नाकाकडे. त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की मलाच त्याची दया आली.

"आप... ग्वालियर से हैं?"

"आर. के. पुरम से."

मी जमेल तसं हिंदीत सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता साइडकारच्या चाकावर टेकला आणि दोरीच्या आत आहोत हे लक्षात येऊन पटकन उठला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, फोटो देते टाइम बोल तो देते!"

ताईचा नाटकातला फोटो कुणाला खरा वाटेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आम्हा मंडळाच्या लोकांना ती पगडी बघताक्षणी कळते. पण आता तो मोठा केलेला फोटो मी त्याच्या डोळ्यांनी बघितला, आणि खरंच, भाऊजी कारकून वाटत नव्हते. कुणी मला सांगितलं असतं की हे सरदार आहेत, तर मीही मान डोलावली असती.

"आंटी," इंद्रजित हात जोडून म्हणाला, "जज बस पहुँच रहे हैं. एक घंटा. आप कुछ मत बोलिए. शाम को मैं खुद बोर्ड उतारूँगा. क्लर्क की गाड़ी को कोई नहीं देखता, आंटी. मैं गलत नहीं बोल रहा. यहाँ चालीस गाड़ियाँ क्लर्कों की खड़ी हैं।"

"असू देत," ताई म्हणाली. "त्यांच्या बायका आल्यात का बघायला?"

त्याला कळलं नाही. मैत्रेयीनं भाषांतर केलं तेव्हा तो परीक्षक येतात का ते बघू लागला.

परीक्षक तिघं होते, पण बोलणारी एकच होती. साठीची एक बाई, डोक्यावर मोठी गवती हॅट, जयपूरहून आलेली. तिनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खालून बघितलं, आणि फोटोसमोर थांबून म्हणाली, "वाह. क्या पेअर है।" मग तिचं लक्ष ताईच्या तन्मण्याकडे गेलं. "और आप? परिवार से?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. "दिना, तू सांग."

"मी?"

"माझं हिंदी स्त्रीलिंगी-पुल्लिंगीत अडकतं. तू ऑफिसात बोलायचास. सांग."

कुणीतरी माझ्या हातात माईक दिला. तिथे प्रत्येक गाडीची माहिती माईकवरून सांगायची पद्धत होती. मी बोललो. मला वाटलं बरंच बोललो. बाईंनी हॅट मागे सारून कानाशी हात नेला. "सॉरी? लाउडर प्लीज।"

मी माईक असूनही विंगेतल्या आवाजात बोलत होतो.

"ये सरदार नहीं हैं," मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला. मी स्वतःच दचकलो. आजूबाजूचे लोक वळले. "ये श्री शशिकांत पेंढरकर हैं. अपर डिव्हिजन क्लर्क. ये नाटक की वेशभूषा है।"

बाई मान हलवून हसल्या. "मैं समझती हूँ. बड़े घराने ऐसे ही करते हैं. टैक्स का डर, रिश्तेदारों का डर. पिछले साल भी एक नवाब साहब खुद को स्कूल टीचर बता रहे थे।"

माझा विश्वासच बसेना. खरं बोलायला मी सगळा जीव गोळा केला होता आणि ते कुणी घेतच नव्हतं. मला वाटायला लागलं, माझंच काही चुकत असेल. असतीलही भाऊजी कुणाचे कोण.

पण ताई पाटीपाशी गेली होती. तिनं भाऊजींच्या मनगटावर बोट ठेवलं. "ये देखो. घड़ी. पानिपत में घड़ी थी क्या? मैंने बोला था निकालो, भूल गए।" मग पगडीवर. "ये मेरे शादी का शालू. पूरा लपेटा है. आणि हे मोती... ये मोती नहीं है, साबूदाना है।"

"क्या?" बाई पुढे आल्या.

"साबूदाना! पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खळीनं. तलवार खोक्याच्या फळीची, वरून सिगरेटच्या पाकिटातली चांदी. यानं केलेली." बोट माझ्याकडे. "नाटकात मधेच उपसली तर चांदी म्यानातच राहिली. समोरचे सगळे हसले, आणि हे पानिपतावर मरत होते!"

मैत्रेयीनं हे हिंदीत सांगेपर्यंत तिला स्वतःलाच हसू आवरेना. बाईंनी चष्मा काढून फोटोला नाक लावलं. शिरपेचातल्या मोत्यांपैकी काही गळून पडले होते आणि पुठ्ठा दिसत होता. त्या सरळ उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. हसण्यानं की रागानं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि त्यांनी डोळे पुसले तेव्हाही खात्री वाटली नाही.

"इंद्रजित," त्या म्हणाल्या, "रॉयल क्लास से आउट. और ये बोर्ड हटाओ. अभी।"

इंद्रजितनं बोर्ड स्वतः उचलला. कुणाची मदत घेतली नाही. तो उलटा करून झाडाला टेकवून आला आणि म्हणाला, "आंटी, खुश?"

"नाव," ताई म्हणाली.

त्यानं एक पांढरा पुठ्ठा आणि जाड काळं पेन माझ्यापुढे धरलं. मी जमिनीवर बसून देवनागरीत लिहिलं, शशिकांत रामचंद्र पेंढरकर, कारकून, आर. के. पुरम. मैत्रेयीनं खाली इंग्रजीत लिहिलं. पुठ्ठा गाडीच्या दिव्याला अडकवला. ताई लांब जाऊन बघून आली, जवळ येऊन बघून गेली. तिनं पदरानं नाक पुसलं.

"आता बसू का जरा आत?" तिनं मला विचारलं, जणू गाडी माझी होती.

इंद्रजितनं न बोलता दोरी सोडली, कडी काढली. ताईला आत बसवायला आम्ही तिघं लागलो. ती मखमलीवर टेकली, हळूहळू मागे रेलली, आणि तिनं न बघता उजवा हात बाहेर काढून इंजिनाच्या बाजूला नेला. इंजिन थंड व्हावं म्हणून त्याला एकावर एक लोखंडी पाती असतात. तिची बोटं त्या पात्यांवरून वरून खाली आली. मग पुन्हा वर गेली. मग तिनं वळून बघितलं.

"याचं एक पातं तुटलेलं होतं," ती म्हणाली. "कोपऱ्याशी. माझ्या दोन साड्या तिथे फाटल्या."

"नया लगवाया असेल, आजी," मैत्रेयी म्हणाली.

पण मी इंद्रजितकडे बघत होतो. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"आंटी," तो म्हणाला, "ओरिजिनल इंजन मर चुका था. केस फटा हुआ. तीन मिस्त्रियों को दिखाया. ये दूसरा है. इसी मेले से लिया था, पिछले साल. सब करते हैं आंटी, फ्रेम किसी का, इंजन किसी का. यहाँ एक भी गाड़ी दिखा दीजिए जो पूरी की पूरी एक आदमी की हो।"

मघाशी लिहिलेला पुठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर दिव्याला लटकत होता. मी ज्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा माईकवर ओरडलो होतो ते नाव आता अर्ध्याच गाडीचं होतं. मला वाटलं, ताई आता कोसळेल. घरी जाऊ म्हणेल. भाऊजी गेले तेव्हा ती रडली नव्हती. आता मात्र माणसांसमोर रडेल.

ताई साइडकारमध्ये तशीच बसून होती. पात्यांवर बोट ठेवून तिनं विचारलं, "मग हे कुणाचं?"

"किसका मतलब? यामीन भाई से लिया।"

"त्याचं होतं?"

"नहीं, वो तो बेचता है।"

"मग कुणाचं? चल, विचारू या." आणि ती बाहेर यायला धडपडू लागली. आम्ही तिघांनी तिला पुन्हा ओढून काढलं.

प्रदर्शनाच्या मागे, झाडांच्या रांगेपलीकडे दुसरं मैदान होतं. तिथे दोऱ्या नव्हत्या, मखमल नव्हती. जमिनीवर ताडपत्र्या पसरून लोकांनी गाड्यांचे अवयव मांडले होते. दिवे, हँडल, टाक्या, साखळ्या, नट-बोल्टांचे ढीग. काही जण पैशाऐवजी वस्तूच्या बदल्यात वस्तू घेत होते. एक सूट घातलेला माणूस बगलेत टाकी धरून एका कार्ब्युरेटरसाठी गयावया करत होता. मला तिथे चालताना पाय कुठे टाकावा कळेना. पुढे जोडलं तर गाडीच होईल, पण आता काहीच नाही, असं सगळं ते. आणि ताई इरकल वर धरून, नव्या सँडलनी, तेलाच्या डबक्यांमधून वाट काढत इंद्रजितच्या पुढे चालली होती.

यामीनभाई मेरठचा. पन्नाशीचा, स्वेटरवर स्वेटर घातलेला, चहाचा ग्लास हातात. इंद्रजितनं इंजिनाची आठवण करून दिली तेव्हा तो लगेच सावध झाला. "क्यों, क्या खराबी निकली? देख के लिया था आपने।"

"खराबी नहीं," ताई म्हणाली. "किसका था वो?"

"माताजी?"

"किसका था? कोई तो चलाता होगा।"

यामीनभाईनं इंद्रजितकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोलिसांची काही भानगड आहे का, असं त्याच्या डोळ्यांत होतं. मला वाटतं माझ्याकडे बघून त्याची भीती गेली. "बागपत की तरफ़ से उठाया था," तो म्हणाला. "गाड़ी में नहीं था वो. गाड़ी तो कब की गल गई. एक धनकौर है, बुढ़िया, उसके यहाँ चारा काटने की मशीन में लगा था. बीस-पच्चीस साल भैंसों का चारा काटा है उसने।"

"हैं?" इंद्रजितच्या तोंडून निघालं. हे त्यालाही माहीत नव्हतं. ग्वाल्हेरच्या सरदाराखाली त्यानं कडबा कापायचं इंजिन बसवलं होतं.

"उनका फोन है?" ताईनं विचारलं.

फोन होता, मुलाचा. यामीनभाईनं लावला, चार वाक्यं बोलला, आणि स्पीकर चालू करून ताडपत्रीवर एका मोठ्या गिअरच्या चाकावर ठेवला. आम्ही चौघं त्याच्याभोवती वाकलो. पलीकडून आधी म्हशीचा आवाज आला, मग एक खरखरीत, उंच बाईमाणसाचा.

"कौन बोल रई?"

"मैं अहिल्या पेंढरकर. दिल्ली से. आपका इंजन है न, वो मेरे मिस्टर की गाड़ी में लगा है।"

"मेरा इंजन?" पलीकडे बाई एकदम आनंदली. "चल रा है?"

"चल रहा है. चलता है न?" ताईनं इंद्रजितला विचारलं. त्यानं मान हलवली. "हाँ, चल रहा है।"

"मैं ना कहूँ थी! छोरे ने बेच दिया, बिजली की मोटर ले आया. मोटर रोज़ फुँके है. वो कभी ना फुँका." ती थांबली. "इब किस काम में लग रा है?"

ताईनं मागे वळून बघितलं. झाडांच्या फटीतून डाळिंबी रंगाचा एक तुकडा दिसत होता, आणि त्याच्यापुढे मोबाइल वर धरलेले दोन हात.

"काम..." ताई म्हणाली. "काम नहीं करता. खड़ा है।"

"खड़ा है?"

"हाँ. सब लोग देखते हैं।"

पलीकडे इतका वेळ काही ऐकू आलं नाही की मला वाटलं फोन कटला. यामीनभाईनं पडद्यावर बघितलं. आकडे चालू होते.

"देखते हैं," धनकौर म्हणाली. "इंजन कू?"

"हाँ."

"बैठे-बैठे?"

"खड़े-खड़े."

"हे राम," धनकौर म्हणाली. आणि मग मागे कुणाला तरी सांगताना तिचा आवाज लांब गेला, "अरी सुन, दिल्ली में मेरे इंजन कू लोग खड़े होके देख रए हैं, अर वो कुछ ना कर रा!" मग पुन्हा जवळ आली. "बहण, इसका के करोगे? चार महीने में जाम हो जागा. रोज चलाइयो. समझी? रोज।"

"समझी," ताई म्हणाली.

फोन बंद झाला. यामीनभाईनं ताईला बसायला एक टायर पुढे केला. ती बसली नाही.

परत येताना तिनं इंद्रजितला सांगितलं, "रोज चलाना."

"रोज़? आंटी, ये शो बाइक है. साल में दो बार निकलेगी।"

"उसने बोला रोज. तुम नहीं चलाओगे तो मैं द्वारका ले जाऊँगी. मेरी नात चलाएगी।"

"मी?" मैत्रेयी म्हणाली. "आजी, मला गिअरवाली येत नाही!"

"शीक मग."

इंद्रजितनं हसून टाळायचा प्रयत्न केला, पण ताई हसत नव्हती. गाडीपाशी पोहोचेपर्यंत तो तीनदा म्हणाला की असं होत नाही, आणि चौथ्यांदा म्हणाला की आठवड्यातून एकदा. ताईनं ते मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही.

मग तिनं दिव्याला अडकवलेला पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "खाली लिही. इंजिन, धनकौर, बागपत."

मी पेन घेतलं. आणि थांबलो. "ताई, तिला विचारायला हवं होतं का? नाव लावलं तर चालेल का म्हणून?"

"लिही रे."

मी लिहिलं. भाऊजींच्या नावाखाली, थोड्या लहान अक्षरांत. मग ते लहान बरं दिसेना, म्हणून पुन्हा गिरवून तेवढंच मोठं केलं, आणि पुठ्ठ्यावर जागा पुरली नाही. 'बागपत'चा 'त' काठावरून खाली घसरला. दुसरा पुठ्ठा मागावा की नाही याचा मी विचार करत होतो, तोवर जाकिटवाल्यांची एक टोळी येऊन उभी राहिली आणि त्यातला एक जण मोठ्यानं वाचून आपल्या मित्राला विचारू लागला, "ये धनकौर कौन है?"

इंद्रजित तिथेच उभा होता. त्यानं एकदा ताईकडे बघितलं, आणि सांगायला लागला.